सल्ला: काही न पेरायचे सरकारी पैसे घ्यावेत का?

वाचकाचं पत्र (थोडं लहान केलंय, नाव तिच्या सांगण्यावरून काढलंय):

ताई, आम्ही दोघं डी मॉईनजवळ राहतो, दोघंही सिटिझन आहोत. नवरा इन्शुरन्स कंपनीत आयटीत आहे, मी शाळेत शिकवते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आयोवातच खाली रिंगगोल्ड काउंटीत ८० एकर जमीन घेतली. त्यातली ५२ एकर सीआरपीत (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅममधे) आहे, म्हणजे तिथे नुसतं गवत आहे आणि त्याचे सरकार एकरी १७५ डॉलर वर्षाला देतं. करार २०२२ च्या ऑक्टोबरपासून २०३२ च्या सप्टेंबरपर्यंत आहे. आधीचे मालक म्हणाले होते की शेती खात्याच्या (फार्म सर्व्हिस एजन्सीच्या) ऑफिसात जाऊन नावं बदलून घ्या, ते अजून केलेलं नाही. शेजारचा शेतकरी म्हणतो, गवत मोडा आणि मला खंडाने द्या, मी एकरी २४० देतो, ते जमत नसेल तर जूनमधे निदान गवत तरी कापू द्या, माझ्या गाईंना होईल. नवऱ्याला वाटतं मोडून टाकावं. माझं वेगळंच. माझा भाऊ लातूरकडे शेती करतो, त्याला हे सगळं सांगितलं तर आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, ताई आम्हाला केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा असे वर्षाला बारा हजार रुपये येतात आणि तुला काही न पेरायचे नऊ हजार डॉलर. तेव्हापासून ते पैसे घ्यायला मन होत नाहीये. त्यात आधीच्या मालकांचं नाव आणि त्यांना किती मिळाले ते इंटरनेटवर सापडलं, उद्या आमचंही येणार. काय करू?

उत्तर:

अगं, आधी तारखेचं बोलूया आणि मग मनाचं, कारण मनाला दोन महिने दिलेस तरी चालेल पण तारखेला नाही चालणार.

सीआरपीतली जमीन विकली गेली की नव्या मालकाने साधारण ६० दिवसांत तो करार आपल्या नावावर घ्यायचा असतो, ऑफिसच्या भाषेत सक्सेसर व्हायचं असतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात क्लोजिंग झालंय म्हणजे मे उजाडला की तुमचे दिवस भरले. करार नावावर घेतला नाही तर तो त्या जमिनीपुरता रद्द होतो आणि दंड कोणाला बसतो तर आधीच्या मालकांना, ज्यांनी तुम्हाला चांगल्या मनाने सांगितलं होतं की नावं बदलून घ्या. त्यांना आजवर मिळालेले सगळे पैसे व्याजासकट परत करायला लागतात, वर आणखी एका वर्षाच्या भाड्याच्या २५ टक्के नुकसानभरपाई. आता तुमचं खरेदीचं अॅग्रीमेंट काढ आणि त्यात सीआरपी शब्द शोध, बहुतेक ठिकाणी एक कलम असतंच की घेणारा हा करार पुढे चालवेल आणि नाही चालवला तर विकणाऱ्याला होणारा खर्च तो भरून देईल. तसं कलम असेल आणि तुम्ही सही केली असेल तर मोडायचं की नाही हा प्रश्न तुम्ही मार्चमधेच सोडवून बसलायत, फक्त तुम्हाला ते माहीत नाही.

आता नवऱ्याचा हिशोब. तो चुकीचा नाहीये पण अर्धा आहे. ५२ एकराला १७५ प्रमाणे वर्षाचे होतात ९,१०० डॉलर, शेजारी २४० देतो म्हणजे १२,४८०, फरक ३,३८० चा. सात वर्षांचा फरक धरला तर २३,६६०. ऐकायला बरे वाटतात. पण ह्या करारावर आत्तापर्यंत तीन ऑक्टोबरचे तीन हप्ते गेलेत, ते झाले २७,३००, त्यावर व्याज, त्यावर २५ टक्क्यांचे २,२७५, आणि गवत पेरायला सरकारने जो अर्धा खर्च दिला असेल तोही परत मागतात. म्हणजे सात वर्षांत जास्तीचं जे मिळणार ते आजच खिशातून काढून द्यायचं, आणि वर आणखी द्यायचं राहतंच. आणि नावावर घेतल्यावर दोन वर्षांनी मोडू असा विचार असेल तर तो तर नकोच, कारण सक्सेसर झालं की आधीच्या मालकाच्या सगळ्या जबाबदाऱ्या आपल्या डोक्यावर येतात आणि करार मोडला तर हिशोब पहिल्या हप्त्यापासून निघू शकतो. शिवाय तुमच्या त्या भागातली उताराची जमीन बहुतेक हायली इरोडिबल म्हणून नोंदलेली असते, तिथे गवत मोडून मका-सोयाबीन करायचं तर आधी माती धरून ठेवायचा प्लॅन मंजूर करून घ्यावा लागतो, तो न करता नांगर घातला तर जो कोणी ती जमीन कसेल त्याचे बाकीचे सरकारी फायदेही धोक्यात येतात. शेजाऱ्याला हे नीट माहीत असणार, त्याला विचार.

तर माझं स्पष्ट मत, करार नावावर घ्या आणि २०३२ पर्यंत चालवा. मोडू नका.

पण तुझं खरं दुखणं हे नाहीचे. तुझं दुखणं भावाच्या त्या एका वाक्याचं आहे आणि मला ते पूर्ण समजतं, कारण इकडे जमीन घेतलेल्या आपल्या बऱ्याच लोकांच्या घरी हेच वाक्य कोणीतरी बोललेलं असतं. भाऊ चुकीचं काही बोलला नाही. पीएम किसानचे सहा आणि नमो शेतकरीचे सहा, बरोबर बारा हजार रुपये, आणि तेवढ्यात एका एकराचं खत-बियाणं पण भागत नाही. तो पावसाकडे बघत पेरतो आणि तुला न पेरायचे मिळतात, त्याला टोचणारच. त्याला समजावून सांगायला जाऊ नकोस की दोन्ही योजना वेगळ्या आहेत, एवढं मात्र तुला स्वतःला माहीत असू दे की त्या खरंच वेगळ्या आहेत. त्याला मिळतात ते शेतकरी म्हणून मदतीचे, त्याच्या जमिनीवर त्याने काय करावं ह्याची त्यात एकही अट नाही. तुला मिळणार ते जमिनीचं भाडं. सरकारने ती ५२ एकर दहा वर्षांसाठी भाड्याने घेतलीय आणि त्या दहा वर्षांत तू तिथे पीक घेऊ शकत नाहीस, परवानगीशिवाय गाय सोडू शकत नाहीस, एवढंच काय मनाला येईल तेव्हा मोवरही फिरवू शकत नाहीस. आणि ते भाडंही काउंटीत चाललेल्या सरासरी खंडाच्या आसपास, मुद्दाम थोडं खालीच ठेवतात, कायद्यात जनरल साईन-अपसाठी, म्हणजे नेहमीच्या नावनोंदणीसाठी, ८५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे चांगल्या कसाची जमीन कोणी ह्या पैशांसाठी पडीक टाकू नये. त्यातून प्रॉपर्टी टॅक्स जातो, सप्टेंबरला आणि मार्चला, तणाचा खर्च जातो, इन्कम टॅक्स जातो. उरतं ते वाईट नाही, पण काही न करता मिळालेलं पण नाही.

आणि सरकार हे का करतं ते जरा बघ. १९८० च्या दशकात इकडे धान्य उदंड झालं होतं, भाव पडले होते, शेतकरी कर्जात बुडत होते आणि त्याच वेळी ज्या उतारांवर नांगर कधी लागायलाच नको होता तिथली माती वाहून चालली होती. १९८५ च्या फार्म बिलात, म्हणजे शेतीच्या मोठ्या कायद्यात, सीआरपी आली ती ह्या दोन्हींवर उपाय म्हणून, उताराची, ओढ्याकाठची, हलकी जमीन दहा ते पंधरा वर्षं गवताखाली किंवा झाडांखाली ठेवायची आणि मालकाला वर्षाला भाडं द्यायचं. २००७ च्या सुमाराला ३ कोटी ६० लाख एकरांच्या वर जमीन ह्यात होती, मग मक्याचे भाव चढले, काँग्रेसने मर्यादा खाली आणली आणि लाखो एकर परत नांगराखाली गेली. आता २०१८ च्या बिलातली कमाल मर्यादा २ कोटी ७० लाख एकरांची आहे.

तू डी मॉईनला राहतेस म्हणजे २०२५ चा जून तुला आठवत असेल, लॉनला पाणी घालायला बंदी झाली होती. पाणी कमी नव्हतं, नद्या भरून वाहत होत्या, पण रॅकून आणि डी मॉईन नदीत नायट्रेट इतकं चढलं होतं की ते काढून लिटरला १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत आणणं प्लांटला झेपत नव्हतं. ते नायट्रेट बरचसं शेतांमधून येतं. तुझ्या शेताचं पाणी डी मॉईनला येत नाही हे खरंय, रिंगगोल्डचं पाणी दक्षिणेला मिझुरीकडे उतरतं, पण तिकडेही कोणीतरी नळ उघडतंच ना. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलंय की पिकाच्या शेतातली फक्त १० टक्के जागा मूळ प्रेअरीच्या गवताच्या पट्ट्यांना दिली तरी वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांपर्यंत कमी होते. तुझी तर सलग ५२ एकर आहे. आपल्याकडे हिवरे बाजारला गावाने मिळून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली आणि डोंगर परत हिरवा झाला, तिथे गाव एका जागी होतं, ग्रामसभा होती, सगळ्यांना एकमेकांचं ऐकावं लागत होतं. इथे जमिनीचे मालक चार राज्यांत विखुरलेले, कोण कोणाला ओळखत नाही, म्हणून करार आणि भाडं. लातूरच्या भावाला हिवरे बाजार नक्की माहीत असेल, त्याच्याशी बोलायचंच असेल तर तिथून बोल.

यादीत नाव येण्याचं. हो, येणार. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप म्हणून संस्था आहे, ती १९९५ पासूनच्या सरकारी शेती अनुदानांची यादी नाव, काउंटी आणि रकमेसकट सगळ्यांना बघता येईल अशी ठेवते आणि सीआरपीचे पैसे त्यात वेगळे दिसतात. मला ते योग्यच वाटतं. लोकांच्या टॅक्समधले पैसे आहेत, लोकांना दिसले पाहिजेत. पाच हजारापेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत तसंही सगळ्यांना सगळं माहीत असतं, यादी नसती तरी गावात कळलंच असतं की ती ८० एकर शहरातल्या लोकांनी घेतली आणि गवताचे पैसे त्यांना येतात. लाज वाटायचं कारण तेव्हा असेल जेव्हा पैसे येतील आणि शेतात काटेरी झाडं आणि सिडार वाढत राहतील.

आणि गावच्या लोकांचा राग समजून घे, तो उगाच नसतो. एका काउंटीत फार जमीन गवताखाली गेली की बियाणंवाला, खतवाला, एलिव्हेटर म्हणजे धान्याचं कोठार चालवणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा सगळ्यांचं काम कमी होतं, आणि जे तरुण शेती करू बघतात त्यांना खंडाने जमीन मिळत नाही कारण सरकारही तीच भाड्याने घेतंय. १९५० च्या दशकात सॉईल बँक म्हणून अशीच योजना होती, तिच्यात अख्खी शेतं बंद झाली आणि लहान गावांना त्याचा फटका बसला, म्हणून आता कायद्यात आहे की एका काउंटीतल्या पिकाच्या जमिनीपैकी साधारण २५ टक्क्यांपेक्षा जास्त ह्यात घ्यायची नाही. शेजारी तुझ्याकडे जमीन मागतो ती हावरटपणाने नाही मागत. त्याला नाही म्हणताना हे लक्षात ठेवून बोल.

त्याला द्यायला तुझ्याकडे काहीच नाही असंही नाही. ८० वजा ५२, उरलेल्या २८ एकरात जर कुरण असेल तर ते त्याच्या गाईंसाठी खंडाने दे, सीआरपीचा त्याच्याशी काही संबंध नाही. फक्त मधलं कुंपण पक्कं कर, त्याची एक गाय जरी करारातल्या गवतात चरताना सापडली तरी उत्तर तुला द्यावं लागेल, त्याला नाही.

गवत कापायचं जे तो म्हणतोय त्याला जूनसाठी सरळ नाही सांग. आयोवात १५ मे ते १ ऑगस्ट हा पक्ष्यांच्या विणीचा काळ धरतात आणि त्या काळात सीआरपीचं गवत कापायला बंदी असते. हे कागदावरचं कलम वाटेल तुला, पण एकदा जूनच्या पहाटे त्या गवताच्या कडेने चालून बघ. फेझंट ह्या रानकोंबडीसारख्या पक्ष्याची मादी जमिनीवर खळगा करून अंडी घालते आणि तेवीस दिवस बसते, जूनच्या मध्याला सगळ्यात जास्त पिल्लं बाहेर येतात. ती इतकी मातीच्या रंगाची असते की दोन हातांवर असली तरी दिसत नाही आणि उठत नाही, माणूस आला तरी नाही, मोवर आला तरी नाही, बसूनच राहते. हरणाची पाडसंही तशीच, पहिले काही दिवस पळायचं सोडून दबून बसतात. ज्यांनी जूनमधे गवत कापलंय त्यांना विचार मोवरच्या मागे काय दिसतं ते.

१ ऑगस्टनंतर कापता येतं का, तर काही प्रॅक्टिसमधे, म्हणजे करारातल्या लागवडीच्या काही प्रकारांत, येतं, पण आधी ऑफिसची लेखी परवानगी घेऊन, तीन वर्षांतून जास्तीत जास्त एकदा, आणि त्या वर्षीच्या भाड्यातून २५ टक्के कापून घेतात. दुष्काळ जाहीर झाला की इमर्जन्सीत नियम सैल होतात, तेव्हा शेजाऱ्याला नक्की दे, आणि हे त्याला आत्ताच सांगून ठेव, त्याला बरं वाटेल. तू करारात सीपी-२ लिहिलंय म्हणून कळवलंस, ते मूळ देशी गवतांचं आहे, बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास वगैरे, सप्टेंबरपर्यंत माणसाच्या डोक्याच्या वर जातं.

आणि नवऱ्याला एक सांग, तो शहरात लॉन ठेवतो तसं हे ठेवायचं नाहीये. छान दिसावं म्हणून सगळं शेत कापून काढणं ह्याला स्पष्ट मनाई आहे. पण सोडून द्यायचंही नाही. कॅनडा थिसल आलं, मल्टिफ्लोरा गुलाबाची झुडपं आली, सिडारची रोपं दिसली तर ती काढायची जबाबदारी मालकाची, तेवढ्याच जागेवर फवारून किंवा उपटून. सगळ्या शेतावर तणनाशक मारू नका, गवतात मुद्दाम पेरलेली फुलझाडं पहिली मरतात. २०१६ साली आयोवातल्या बऱ्याच काउंट्यांमधे ह्या अशा संवर्धनाच्या पेरणीतूनच पामर अमरांथ नावाचं भयानक तण आलं, बियाण्यात मिसळून, एका झाडाला लाखो बिया होतात आणि राऊंडअपला दाद देत नाही. तसं काही शंका वाटण्यासारखं दिसलं तर फोटो काढ आणि लगेच युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शनच्या (शेती सल्ला विभागाच्या) माणसाला दाखव, शेजाऱ्याच्या सोयाबीनमधे गेलं तर मात्र त्याचा राग खरा होईल. करारात मधल्या वर्षी एकदा गवत जाळायचं किंवा हलकं डिस्क फिरवायचं काम पण लिहिलेलं असू शकतं. कॉन्झर्व्हेशन प्लॅनची कॉपी माग आणि कोणत्या वर्षी काय करायचंय ते कॅलेंडरवर लिहून ठेव, जाळायचं असेल तर ते माहितगाराकडूनच करून घ्यायचं, स्वतः काडी लावायची नाही.

टॅक्सचं तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस. जानेवारीत सरकारकडून १०९९-जी हा टॅक्सचा फॉर्म येईल. शेती न करणाऱ्या मालकाला हे पैसे साधं जमिनीचं भाडं धरायचं की धंद्याचं उत्पन्न, ह्यावर बरीच वर्षं भांडण चाललंय, धंद्याचं धरलं तर वरून १५.३ टक्क्यांचा सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो. २०१४ मधे आठव्या सर्किटच्या (विभागाच्या) फेडरल अपील कोर्टाने मोरहाऊस केसमधे सांगितलं की शेती न करणाऱ्याचे सीआरपीचे पैसे भाडंच, आणि आयोवा त्याच सर्किटमधे येतं. पण ती केस २००६ आणि २००७ च्या पैशांची होती आणि आयआरएसने आपल्याला तो निकाल मान्य नाही हे लिहून ठेवलंय. त्यामुळे ह्यात स्वतःचं डोकं चालवू नका, शेतीची रिटर्न भरणाऱ्या सीपीएकडे जा, डी मॉईनमधे आयटीवाल्यांची रिटर्न भरणारा तुमचा नेहमीचा माणूस असेल तर त्याला मोरहाऊस हे नाव ऐकवून बघ, माहीत नसेल तर दुसरा शोध.

एलएलसीच्या नावावर जमीन करायचा विचार असेल तर तेही आत्ताच ठरवा, नाव बदललं की पुन्हा नवा मालक, पुन्हा सगळे कागद. पैशाच्या मर्यादेची तुम्हाला चिंता नाही, भाड्याची मर्यादा माणशी वर्षाला ५०,००० डॉलर आणि तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ९ लाखांच्या आत असावं लागतं.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मधेच सांगते कारण ह्या पत्रासारखं वाचून कोणीतरी लगेच जमीन बघायला निघतो. तुम्ही एच-वन-बीवर असाल तर आयोवात शेतजमीन घेऊ नका. आयोवाचा कायदा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला नसलेल्याला शेतजमीन विकत घेऊ देत नाही, काही मोजके अपवाद सोडून. दुसऱ्या राज्यात घेता येत असली तरी फेडरल कायद्याने ९० दिवसांत परदेशी मालक म्हणून नोंद करावी लागते आणि न केल्याचा दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आणि परदेशी माणूस स्वतः शेतात राबत नसेल तर त्याला ही अनुदानं मिळतच नाहीत. आपल्याला हे नवीन नाही, महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि एनआरआयला तर भारतात ती विकतच घेता येत नाही, वारसाने आली तरच.

२०३२ चं आत्ता ठरवायची गरज नाही. तेव्हा मक्याचा भाव काय असेल, फार्म बिल काय असेल, साईन-अप निघेल की नाही ते आत्ता कळणार नाही. पण दोन गोष्टी कानावर असू देत. एक म्हणजे करार संपताना अख्खं ५२ एकर परत सीआरपीत द्यायचं किंवा अख्खं मोडायचं असं काही नसतं, फक्त ओढ्याकाठचे पट्टे ठेवून बाकीचं खंडाने देता येतं, त्यासाठी कंटिन्युअस साईन-अप म्हणून वेगळी वाट आहे आणि तिचं भाडंही थोडं जास्त असतं. दुसरं म्हणजे ट्रान्झिशन इन्सेंटिव्ह म्हणून एक तरतूद आहे, संपत आलेल्या कराराची जमीन जर तुम्ही नवख्या शेतकऱ्याला किंवा माजी सैनिक शेतकऱ्याला लांब मुदतीने दिली किंवा विकली तर सरकार आणखी दोन वर्षांपर्यंतचं भाडं तुम्हालाच देतं, त्याने फक्त माती सांभाळून शेती करायची. तो नात्यातला नसावा. ह्या शेजाऱ्याचा मुलगा-मुलगी कोणी शेतीत येत असेल तर सात वर्षं ओळख वाढवायला पुरेशी आहेत. मला विचारशील तर गवताच्या पैशांपेक्षा मोठं काम हे आहे, कारण त्या काउंटीत जमीन आहे आणि तरुण माणूस नाही. आणि आयोवात खंडाचा करार थांबवायचा असेल तर १ सप्टेंबरच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर तो पुढच्या मार्चपासून आपोआप वर्षभर चालू राहतो, कुरण दिलंस तर हेही लक्षात ठेव.

आता ह्या आठवड्यात काय करायचं. माऊंट एअरच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या ऑफिसला फोन कर आणि अपॉइंटमेंट घे, न विचारता दीड तास गाडी चालवून जाऊ नका, लहान ऑफिसं आहेत, नेमका तो माणूस फील्डवर गेलेला असतो. फोनवर सांग की जमीन विकत घेतलीय आणि सीआरपी-१ वर, म्हणजे कराराच्या फॉर्मवर, सक्सेसर व्हायचंय. रेकॉर्ड झालेल्या डीडची कॉपी, दोघांचे सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचा राऊटिंग नंबर आणि आधीच्या मालकांकडून फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर घेऊन जा. तिथे एडी-१०२६, सीसीसी-९०२ आणि सीसीसी-९४१ असे फॉर्म भरून घेतील, दोघांच्या सह्या लागतील म्हणून नवऱ्याला बरोबर ने, तोही त्यांच्या तोंडून दंडाचा आकडा ऐकेल ते बरंच. आधीच्या मालकांनाही सही करावी लागते, त्यांना तू स्वतः फोन कर, वकिलाकडून निरोप पाठवू नकोस, वयस्कर माणसं आहेत आणि इतके दिवस झाले काहीच कळलं नाही म्हणून काळजीत असतील. ह्या ऑक्टोबरचा हप्ता सगळा तुमचा की त्यांच्याशी वाटून घ्यायचा ते अॅग्रीमेंटमधे बघून जा, नसेल लिहिलेलं तर त्याच फोनवर त्यांना विचारून टाक. आणि ऑफिसातून निघताना १५ जुलैच्या एकर रिपोर्टबद्दल विचार, दरवर्षी तो द्यावा लागतो, गवत असलं तरी, आणि नवे मालक नेमका तोच विसरतात.